आधी शाई मागे, मग झाकण

रुचिताने नोकरी सोडली आणि दोन वर्षं एकाच खटाटोपात घातली. प्रिंटर पडून राहिला की शाई वाळते आणि त्याची बारीक भोकं बुजतात, ती बुजू नयेत म्हणून. शेवटी तोडगा निघाला. प्रिंटर थांबला की भोकांवर झाकण बसतं, ते बसण्याआधी शाई थोडी आत ओढून घ्यायची. तोंडाशी शाईच नाही, तर वाळणार काय?

पेटंटच्या परीक्षकाने मात्र दोन जुनी कागदपत्रं पुढे केली. एकात शाई ओढणं होतं, दुसऱ्यात झाकण. दोन्ही जोडायला काय अक्कल लागते, असा त्याचा सूर. अर्ज फेटाळला. लोकांच्या दोन वर्षांवर फुली मारायला काय लागतं!

रुचिताने हायकोर्टात अपील केलं. सासूबाईंनी, वासंतीताईंनी, अट घातली की हे हरलं तर जुन्या ऑफिसात निमूट रुजू व्हायचं. तिथल्या साहेबांनी जागाही धरून ठेवली होती.

सुनावणी लॅपटॉपवर, सिल्व्हर पार्कमधल्या घरातूनच होती. वरच्या मजल्यावर सुतारकाम चाललेलं. वासंतीताई जिना चढून सांगून आल्या, "भैया, थोडी देर ठोकना बंद करो, बहू का कोर्ट है."

"मॅडम, तुम्ही बोलू नका, मी बोलतोय ना," असं वकील अभिनवने बजावलं होतं. तो बोललाही भरपूर. पण न्यायमूर्तींनी विचारलं, "शाई झाकणाआधी ओढली काय नि नंतर ओढली काय, फरक काय पडतो?" तेव्हा तो कागद चाळू लागला. रुचिताला राहवेना.

"सर, लोणच्याच्या बरणीचं तोंड पुसून मग झाकण लावतात. लावल्यावर पुसून काय उपयोग? शाई ओढण्याच्या त्या जुन्या कागदात झाकण लावल्यावर ओढतात. झाकणातला वाळका गाळ उलटा भोकात जातो!"

अभिनवने डोळेच मिटले. न्यायमूर्ती मात्र तो जुना कागद पुन्हा वाचत बसले. मग म्हणाले, हा क्रम कुणालाही सहज सुचला असता, हे परीक्षकाने कुठेच दाखवलेलं नाही. नकार रद्द. दुसऱ्या अधिकाऱ्याने अर्ज नव्याने तपासावा.

रुचिताचा जीव भांड्यात पडला. पेटंट अजून मिळालं नव्हतं, पण दोन वर्षं पाण्यात गेली नव्हती. तिने सासूबाईंना सगळं सांगितलं, सोफ्यावर आडवी झाली आणि ढाराढूर झोपली. अशी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. जुन्या ऑफिसचे साहेब होते, रुजू कधी होताय म्हणून विचारत होते. वासंतीताई फोन घेऊन बाल्कनीत गेल्या.

"झोपलीय ती, उठवणार नाही मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि साहेब, ती जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. तिचं इथलं काम व्हायचंय अजून."