तीन वाजून चार मिनिटं

घड्याळकाकांचं नाव सुचवलं ते त्यांच्याच मुलानं, आणि तेही छाती फुगवून.

मुलानं नवा फ्लॅट नोंदवला होता. मेट्रोच्या स्टेशनापासून चालत चार मिनिटांवर बादल्यांचा जुना कारखाना बंद पडून होता, त्या जागेवर सहा उंच इमारती उठणार होत्या. शेड पाडून झाल्या, भंगार उचलून झालं, पण खोदकाम अडलं. कारखान्याचे नकाशे कुणाकडेच नव्हते. जमिनीच्या पोटात कुठं हौद, कुठं टाक्या, कुठं नळ पुरलेत याचा पत्ता नव्हता, आणि खोदणारं यंत्र एका जुन्या नाल्यात अर्धं खचल्यावर कंत्राटदारानं हात वर केले. मग माती तपासायला एक इंजिनिअर बाई आल्या. फ्लॅटवाल्यांच्या बैठकीत त्यांनी विचारलं, "इथं काम केलेलं जुनं माणूस कुणी आहे का?"

मुलगा ताडकन उठला. "माझे वडील. सव्वीस वर्षं टाइम ऑफिसात, हजेरीच्या घड्याळापाशी होते. डोळ्यांना पट्टी बांधून सोडा, कुठं काय होतं ते सांगतील."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा घड्याळकाका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही.

"मला नाही आठवत आता," ते म्हणाले.

"तुम्हाला?" आतून त्यांची बायको हसली. "कोण कुठल्या दिवशी किती मिनिटं उशिरा आला ते झोपेत सांगता तुम्ही. जा की जरा. घरात बसून भिंतींना पोपडे आलेत तुमच्याकडे बघून बघून."

नाही म्हणायला कारण सापडेना. एक कारण होतं, पण ते एकतीस वर्षांत त्यांनी तोंडातून काढलं नव्हतं. कारखाना बंद पडल्यापासून त्या रस्त्यानंही ते जात नसत. बाजाराला जायचं तर तळ्याकडून वळसा घालत, आणि बायको म्हणे, चालण्याचा व्यायाम होतो.

सोमवारी सकाळी ते गेले. फाटकाचे फक्त दोन खांब उरले होते. आत नजर जाईल तिथवर फरशी, भेगांतून उगवलेलं गवत, आणि कडेला इंजिनिअर बाईंची पत्र्याची केबिन. बाईंनी त्यांच्या हातात लाल रंगाचा फवाऱ्याचा डबा दिला. "काका, जिथं खाली काही असेल तिथं फुली मारायची."

ते चालू लागले. थोड्या वेळानं बाईंच्या लक्षात आलं की काका सरळ चालत नाहीत. मोकळ्या फरशीवर ते मध्येच डावीकडे वळत, चार पावलं जात, पुन्हा उजवीकडे येत, एके ठिकाणी तर खांदा आकसून निघाले.

"काका, सरळ या ना. सगळं मोकळंच आहे."

"इथं पत्रा कापायचं मशीन आहे," काका म्हणाले. मग थांबले. "होतं."

दुपारपर्यंत त्यांनी सात फुल्या मारल्या. ॲसिडचे दोन हौद, जस्त वितळवायच्या भट्टीचा खड्डा, विहीर, तेलाची टाकी, दोन नाले. बाईंनी प्रत्येक ठिकाणी यंत्र लावून बघितलं. एक इंचही चूक नव्हती. पूर्वेच्या कडेला मात्र बाई घुटमळल्या.

"इथली फरशी बाजूपेक्षा दुप्पट जाड लागतेय. इथं काय होतं?"

"काही नाही. सामान ठेवायचे."

"बरं झालं. 'ब' इमारत इथंच येणार. तुमच्या मुलाची." बाई हसल्या. "चला, चहा घेऊ."

केबिनमध्ये दोघं चहा पीत असताना खिडकीच्या काचेवर टक् असा आवाज झाला. धातू काचेवर वाजावा तसा, एकदाच. काकांच्या हातातला चहा मांडीवर सांडला. ते खिडकीकडेच बघतायत म्हणून बाईंनी दार उघडून बघितलं. चहूकडे ऊन आणि मोकळी फरशी. लांब रस्त्यावरून एक सायकलवाला चालला होता.

"काय झालं काका?"

"तुम्ही ऐकलंत?"

"काय?"

काकांनी रुमालानं मांडी पुसली आणि घरी जातो म्हणाले.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, बारक्या, त्यांच्याच शब्दानं कारखान्यात लागला होता. आई-बाप लवकर गेल्यामुळे बहिणीनंच त्याला वाढवलं होतं, आणि तिच्या लग्नानंतर तो त्यांच्या दोन खोल्यांत त्यांच्याबरोबरच राहायचा. अंगानं काटकुळा, तोंडानं फटाका. प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला असे. बारक्या आत जाताना तो बिल्ला टाइम ऑफिसच्या काचेवर एकदा वाजवायचा आणि पाळी सुटल्यावर दोनदा. "दाजी, सुटलो!" असं ओरडायचाही, सगळ्यांसमोर, आणि काका लाजायचे.

एकतीस वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी त्यांनी एक टक् ऐकलं होतं. नंतरचे दोन ऐकलेच नाहीत.

तीनला पहिली पाळी सुटली. फाटक एकच, आणि फाटकापाशी टाइम ऑफिस. बाहेर पडणारा प्रत्येक माणूस काकांच्या काचेसमोरून जायचा. सगळे गेले, तरी बारक्याचं हजेरीचं कार्ड जातानाची वेळ न छापता आतल्या फळीवरच राहिलं. साडेतीनला मॅनेजर आला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. म्हणाला, "तुझा मेहुणा मुकादमाशी भांडून निघून गेला. कार्ड मारून टाक."

"साहेब, तो इथून गेला नाही. मी इथंच बसलोय."

"मी सांगतोय ना गेला म्हणून? उद्या तपासणीवाले येणार आहेत. सगळी कार्डं पुरी पाहिजेत. नोकरी करायचीय ना?"

हजेरीच्या घड्याळाची किल्ली काकांच्या कमरेला असायची. त्यांनी घड्याळाचं दार उघडलं, काटे मागं फिरवले, बारक्याचं कार्ड आत सरकवलं. तीन वाजून चार मिनिटं. मग काटे पुन्हा पुढं आणले. दार लावलं. संध्याकाळी पूर्वेच्या बाजूला, गाळाच्या टाकीवर, कुणीतरी घाईनं सिमेंट कालवताना त्यांना दिसलं. ती टाकी साफ करायला त्या दिवशी माणसं उतरणार होती हे त्यांना माहीत होतं. कोण उतरणार, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मग कधीच नाही.

बायको पोलिसात गेली. पोलीस टाइम ऑफिसात आला तेव्हा काकांनीच त्याला कार्ड काढून दाखवलं.

ती आधी वर्षभर वाट बघत राहिली. मग चिडली. एके दिवशी भावाची वळकटी उचलून तिनं भंगारवाल्याला दिली, आणि त्यानंतर घरात त्याचं नाव निघालं की उठून जायची. "लेकरासारखा वाढवला, आणि जाताना साधं तोंड दाखवलं नाही," एवढंच एकदा शेजारणीला म्हणाली होती.

केबिनमधल्या त्या आवाजानंतर आठवडाभर काका साइटवर फिरकले नाहीत. पण आवाज घरी येऊ लागला. आंघोळ करताना न्हाणीघराच्या काचेवर. दाढी करताना आरशावर. नेहमी एकदाच. काका पुढच्या दोन आवाजांची वाट बघत, आणि ते येत नसत. जिभेवर एक आंबट, धातूची चव राहू लागली, ॲसिडच्या हौदाजवळून गेल्यावर यायची तशी. बायको म्हणाली, "पित्त झालंय."

रविवारी मुलगा सगळ्यांना नमुन्याचा फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. साइटच्या तोंडाशीच तो उभा केला होता. आत खोटी फळं, खोटी पुस्तकं, खरा गालिचा. बायको हरखून गेली. ओटा किती उंच आहे हे हातानं मोजलं, कपाटं उघडून बघितली, छोट्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि हसत म्हणाली, "बारक्या असता तर या खोलीसाठी भांडला असता माझ्याशी."

मुलानं चमकून आईकडे बघितलं. मामाचं नाव तिच्या तोंडून त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं. तीही दचकली. चेहरा क्षणात दगडासारखा झाला. "जाऊ दे. ज्यानं आपल्याला टाकलं, त्याचं काय एवढं."

बाल्कनीच्या काचेवर टक् झालं.

काका तिथंच गालिच्यावर बसले. मुलगा पाणी आणायला धावला.

घरी आल्यावर बायको वाळलेले कपडे घड्या करत होती. काका तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"त्यानं तुला टाकलं नाही," ते म्हणाले.

"कुणी?"

"बारक्यानं. तो कारखान्यातून बाहेर पडलाच नाही. कार्ड मी मारलं."

तिनं हातातला शर्ट खाली ठेवला नाही. काका सांगत गेले. काटे मागं फिरवल्याचं, सिमेंटचं, पोलिसाला कार्ड दाखवल्याचं. सांगून झालं तेव्हा तिच्या हातात त्याच शर्टाची चौथी घडी होती.

"तुम्ही बघितलंत त्याला पडताना?"

"नाही. मी काहीच बघितलं नाही."

"काय बघितलंत ते नाही विचारत मी. तुम्हाला ठाऊक होतं का?"

काकांनी होकारार्थी मान हलवली.

"मी त्याला शिव्या दिल्या," ती म्हणाली. "एकतीस वर्षं, रोज, मनातल्या मनात. आणि तुम्ही शेजारी बसून जेवत होतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका साइटवर गेले तेव्हा ती बरोबर होती. पूर्वेच्या कडेला जाऊन काकांनी आठवी फुली मारली. इंजिनिअर बाईंनी कारण ऐकलं, काम थांबवलं आणि पोलिसांना फोन केला.

फरशी फोडायला दोन दिवस लागले. टाकीत वाळलेला गाळ होता आणि त्या गाळात एक माणूस. रबरी बूट जवळजवळ जसेच्या तसे. कमरेच्या पट्ट्याला पितळी बिल्ला, काळा पडलेला. अधिकाऱ्यानं तो पुसून नंबर वाचायच्या आधीच काकांनी नंबर सांगितला.

मॅनेजर केव्हाच मरून गेला होता. त्या दिवशी बारक्याबरोबर टाकीच्या कामाला लावलेली दोन रोजंदारीची माणसं कोण होती, कुणाला सांगता आलं नाही. काकांचा जबाब तीनदा झाला. तिसऱ्या वेळी तरुण अधिकारी म्हणाला, "काका, इतक्या वर्षांनी तुमच्यावर काय लावणार आम्ही? या आता." काकांना वाटलं, यानं काहीतरी लावावं. तो कागद गोळा करून उठून गेला.

बारक्याला बहिणीनं शेवटचा निरोप दिला. काका जरा मागं उभे राहिले. पुढं या असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

इमारत बारा मीटर सरकवली गेली. सगळ्यांचीच घरं दीड वर्ष लांबली. बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, एवढी वर्षं गप्प बसले तसेच आणखी बसायचं होतं. मुलगा त्यांच्या अंगावर धावून गेला, पण घरी आल्यावर वडिलांशी तोही चार महिने धड बोलला नाही. शेवटी एक दिवस म्हणाला, "आई, फ्लॅट रद्द करू. दुसरीकडं बघू."

"नाही," आई म्हणाली. "तिथंच राहायचं. एवढी वर्षं एकटा होता तो तिथं."

"अगं, आता तो तिथं नाही ना!"

"म्हणजे? मग कुठं आहे?"

न्हाणीघरातला आवाज टाकी उघडली त्या दिवसापासून थांबला होता. तरी काका आंघोळ करताना काचेकडे तोंड करूनच उभे राहत.

ते राहायला आले. घर दुसऱ्या मजल्यावर, हवेशीर. बाल्कनीतून स्टेशन दिसतं, गाड्या येताना-जाताना दिसतात, आणि खाली, जिथं टाकी होती, तिथं आता गवताचा तुकडा आहे. बागेचा माळी तिथं फुलझाडं लावायला आला होता. बायकोनं वरूनच हात हलवून नको म्हटलं.

बायको नवऱ्याशी बोलते. औषध घेतलंत का, दूध उतू जातंय, लाइट घालवा. यापलीकडे फारसं नाही. पण रोज दुपारी दोघं बाल्कनीत चहाला बसतात, तेव्हा ती त्यांना बारक्याबद्दल एक प्रश्न विचारते. रोज एकच. त्या दिवशी शर्ट कुठला होता त्याच्या अंगात? डबा खाल्ला होता का त्यानं? आत जाताना तुमच्याकडे बघून हसला का? काका आठवून आठवून सांगतात. खोटं सांगत नाहीत. एखाद्या दिवशी ती विचारायला विसरली की ते कप हातात धरून बसून राहतात.

परवा तिनं विचारलं, "तुम्हाला आतून काही ऐकू आलं नव्हतं?"

काकांनी कप खाली ठेवला.

"आलं होतं. ओरडाआरडा. तीनला पाच-सात मिनिटं असतील."

"मग?"

"उठलो मी. दारापर्यंत गेलो."

"मग?"

"मग भोंगा झाला. पाळी सुटली. माणसं रांगेत आली, कार्डं घेऊन. त्यांना थांबवून कसं चालेल, म्हणून परत येऊन बसलो."

खाली गवतावर कुणाची तरी मुलं चेंडू खेळत होती. बायको त्या मुलांकडे बघत राहिली.

"उद्या त्या रांगेत कोण कोण होतं ते सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांची नावं. पहिल्यापासून."