मागच्या सीटची थरथर

सासऱ्यांची गाडी पुन्हा फाटकातून आत येताना दिसली आणि जावयाने हातातला पाना खाली ठेवला. गॅरेज त्याचं स्वतःचं. लोकांच्या खिळखिळ्या गाड्या त्याच्या हातून सुतासारख्या सरळ होऊन जायच्या. ही एकच बया त्याच्या मुळावर उठली होती. चाकांचं बॅलन्सिंग करून द्यावं, गाडी झकास पळावी, आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच सासरे पुन्हा दारात हजर.

"जावईबापू, परत थरथरतेय," सासरे खाली उतरत म्हणाले. "तुम्ही नीट बघता की नुसता हात फिरवता?"

दुसरं कुणी असतं तर जावयाने चांगलंच सुनावलं असतं. इथे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्याने मुकाट्याने जॅक ओढला.

खरा घोर वेगळाच होता. सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. व्यायामासाठी त्यांना लांबच्या इस्पितळात न्यावं लागे. गाडीने वेग घेतला की मागची सीट थरथरायची आणि ती थरथर थेट त्यांच्या पाठीत शिरायची. मागल्या खेपेला त्या अर्ध्या वाटेतून कळवळत परतल्या. "पांगळी झाले तरी चालेल, पण त्या गाडीत पाय ठेवणार नाही," असं म्हणून त्यांनी अंथरूण धरलं. आणि व्यायाम चुकला तर उजवा पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हापासून जावयाची बायको त्याच्याशी धड बोलत नव्हती. "जगाच्या गाड्या नीट करतोस, माझ्या आईची तेवढी होत नाही," एवढं म्हणून ताट आदळायची.

बरं, त्याने करायचं काय बाकी ठेवलं होतं? चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी. एक टायर जरी जास्त झिजलेला असला तरी सगळं यंत्र कुरकुरतं, म्हणून चारही टायर एकसारखे बसवून झाले. रिम वाकलेली नाही. बेअरिंग ठीक. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडासुद्धा उतरवून पाहिला. कुठे काही सापडेल तर शपथ.

बॅलन्सिंग म्हणजे चाक मशीनवर फिरवायचं आणि हलकी बाजू सापडली की तिथे रिमच्या आत शिशाचे चिकट तुकडे लावायचे. आधीचे तुकडे खरवडून काढायचं काम गॅरेजातला मदतनीस करायचा. आज तो रजेवर होता, म्हणून जावयाने स्वतः पट्टी घेतली आणि रिमच्या आत हात घातला. खरवडायला काही नव्हतंच. दुसऱ्या चाकातही नाही. चारही रिमा आतून घासलेल्या पातेल्यासारख्या लख्ख.

"बाबा, ही चाकं कुणी धुतली?"

"मीच. दुसरं कोण धुणार?" सासऱ्यांची कळी खुलली. "दर रविवारी. तुम्ही आत करडी लेबलं तशीच ठेवता. गरम पाण्याने भिजवून, नखाने काढावी लागतात."

जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवं ताट घरात आलं की लेबल भिजवून काढेपर्यंत या माणसाला चैन पडत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मदतनिसाला मात्र काय कल्पना? काढायला तुकडे नाहीत, तेवढंच काम वाचलं, म्हणून तो गप्प.

"ती लेबलं नाहीत, बाबा. वजनं आहेत. ती काढली की गाडी थरथरते."

सासरे हळूच शेजारच्या टायरवर टेकले. "ती आजारी आहे, गाडी तरी स्वच्छ असावी, म्हणून..."

वजनं लावून गाडी सासऱ्यांच्या घरी नेईपर्यंत जावई मनातल्या मनात भाषण घोळवत होता. बायकोसमोर, सासूबाईंसमोर, एकदाचं सगळं सांगून टाकायचं. पण अंथरुणावरून सासूबाईंनी "काय झालं होतं?" म्हणून विचारलं आणि सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"चाकातल्या वजनांचा गोंद कच्चा होता, आई," जावई म्हणाला. "माझंच चुकलं."

"मला वाटलंच," आईच्या उशाशी बसलेली बायको म्हणाली. जावयाने ओठ चावला.

कशीबशी समजूत काढून सासूबाईंना मागे बसवलं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर जावयाने जीव मुठीत धरून वेग वाढवला. सीट जागची हलली नाही. बायको मागे आईचा हात धरून बसली होती, तिनेही श्वास सोडला.

"गोंद चांगला होता," पुढे बसलेले सासरे मान न वळवता म्हणाले. "वजनं मी काढली. लेबलं समजून. जावईबापूंना बोलू नका."

जावयाने आरशात पाहिलं. सासूबाई नवऱ्याच्या पाठमोऱ्या डोक्याकडे एकटक बघत होत्या.

"आयुष्यभर हेच," त्या अखेर म्हणाल्या. मग पाठ सावकाश सीटला टेकवली. "जावईबापू, जरा वेगात घ्या. व्यायामाची वेळ चुकेल."