सशाच्या डोळ्यांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. हे वाचून तुम्हाला माझी दया आली असेल, तर जरा थांबा. माझ्या जातीच्या डबीने जुनं व्हायचंच नसतं. मी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायची डबी. तीन महिने इमानेइतबारे काम करावं आणि हसत निरोप घ्यावा, एवढंच आमचं आयुष्य. मी मात्र अजून मजेत आहे. ते कसं, तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लॅस्टिक साच्यात शिरलं, गार झालं आणि मी टुणकन बाहेर पडले. दोन गोल वाट्या, त्यांना जोडणारी एक पट्टी आणि फिरकीची दोन झाकणं. डावं झाकण निळं, उजवं पांढरं, म्हणजे डाव्या डोळ्याची लेन्स उजव्या डोळ्यात जायला नको. लेन्स धुवायच्या द्रवाच्या, म्हणजे सोल्युशनच्या, बाटलीबरोबर मला एका खोक्यात बसवलं. बाटली माझ्याहून चांगली चौपट उंच होती आणि तिला त्याचा फार तोरा होता. तशीच मी चष्म्याच्या दुकानातल्या एका फळीवर येऊन बसले.

तिथून मला आमच्या ताईने नेलं. ताई मुलांच्या नाटकात काम करायची. काम म्हणजे काय, तर झाडाचं. कितीतरी वर्षं ती झाड होऊन उभी होती. तिला जाड भिंगांचा चष्मा होता, पण झाडाला चष्मा असला तरी पानांआड कुणाला दिसणार? उभ्या उभ्या तिने सगळ्यांची वाक्यं पाठ केली होती. कोल्हा अडखळला की झाड हळूच त्याला पुढचा शब्द सांगायचं.

मग एक दिवस दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, "बस झालं आता उभं राहणं. नव्या नाटकात ससा तू."

ससा म्हणजे नाटकाचा नायक. ताईचा आनंद गगनात मावेना. ताईचा मामा त्या नाटकमंडळींचे कपडे शिवायचा. त्याने जाड लोकरी कापडाचा झकास मुखवटा शिवला. त्याला लांब कान होते, गुबगुबीत गाल होते आणि पुढे आलेले दोन पांढरे दात होते. फक्त एकच पंचाईत झाली. मुखवटा चढवला की चष्मा आत मावेना, आणि चष्म्याशिवाय ताईला दिसेना. पहिल्याच तालमीत सशाने आपला जिवलग मित्र समजून खांबाला कडकडून मिठी मारली. म्हणून लेन्स आल्या आणि लेन्सबरोबर मी आले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ताईला सगळं शिकवलं. या डॉक्टरबाई अगदी सावकाश बोलायच्या. "आधी साबणाने हात धुवायचे, मग स्वच्छ कोरडे करायचे. लेन्स काढली की सोल्युशन घालून तळहातावर बोटाने हलकेच चोळायची. डबीत रोज नवं सोल्युशन. आणि डबीला पाणी दाखवायचं नाही. नळाचं नाही, पिण्याचं नाही, उकळलेलंही नाही. सोल्युशननेच विसळायची, पुसायची आणि उघडी, पालथी वाळत ठेवायची. लेन्स घालून पोहायचं नाही, झोपायचं नाही. तीन महिन्यांनी नवी डबी." ताईची आईसुद्धा बरोबर होती. परीक्षा तिचीच असल्यासारखी ती कान देऊन ऐकत होती.

ते पहिले दिवस काय सांगू तुम्हाला! रोज सकाळी ताई मला विसळायची आणि खिडकीजवळ कोऱ्या कागदी रुमालावर पालथी घालायची. शेजारी माझी दोन झाकणं. वारा यायचा, मी खडखडीत कोरडी व्हायचे. संध्याकाळी तालीम आटोपून ती घरी यायची आणि माझ्याकडे हात न्यायचा अवकाश, स्वयंपाकघरातून एकच शब्द यायचा.

"हात?"

"धुतले."

"साबणाने?"

"हो गं आई."

मग दोन लेन्स माझ्या वाट्यांत उतरायच्या आणि मी त्यांना निवांत सांभाळायचे. ताईला जग दाखवणारी ती दोन नाजूक पापुद्र्यांची जोडी माझ्या स्वाधीन असायची, याचा मला भारी अभिमान वाटायचा. जुना चष्मा मात्र खणात रबरबँड आणि सुतळीच्या गुंड्यांमध्ये जाऊन पडला होता. मी त्याला चष्मेआजोबा म्हणायचे. त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. नाकावर बसण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना नाक मुरडणं कसं जमावं?

नाटक चाललं. सशाच्या उड्यांना मुलं खदाखदा हसायची. प्रयोग वाढले, तशी ताई दमून घरी येऊ लागली. आणि मित्रांनो, नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खोटं नाही. एकदा तिने आदल्या दिवशीचं सोल्युशन ओतून न देता त्यातच थोडं नवं घातलं. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण पैशांना लावा, माझ्या वाटीला लावू नका. वापरलेलं सोल्युशन म्हणजे आंघोळीचं सांडपाणी. त्यात नवं मिसळून ते नवं होत नाही. मग कधी मला ओलीच बंद केली गेली. एकदा रंगपटात घाईघाईत नळाखाली धरलं गेलं. एकदा चालतं ते हळूहळू रोज चालायला लागतं.

तीन महिने केव्हाच उलटले. आईला आठवण झाली, तेव्हा मामा नेमका घरी होता. त्याने मला हातात घेऊन उलटीसुलटी केली. "चांगली धडधाकट आहे की. कशाला टाकता? असू दे, कामाला येईल." मामाच्या घरी आजवर एक दोराही वाया गेला नव्हता. माझी मुदत अशी परस्पर वाढली.

वरून मी धडधाकटच होते. आतून मात्र माझ्या वाट्यांना एक बुळबुळीत थर चढत होता. तो डोळ्यांना दिसत नव्हता, आणि दृष्टीआड सृष्टी. त्या थरात सूक्ष्म जंतूंनी बिऱ्हाड थाटलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण डबीला झाकण असतं, तोंड नसतं.

एका दुपारी प्रयोगाहून आल्यावर ताई लेन्स न काढताच कोचावर झोपली. दुसऱ्या दिवशी तिचा उजवा डोळा लाल झाला. नाटकातल्या लोकांनी चेष्टा केली. कोल्हा म्हणाला, "वा, आता मुखवट्याचीसुद्धा गरज नाही. डोळाच सशाचा झाला." ताईही हसली. पण पुढच्या सकाळी खिडकीतला उजेड तिला सोसेना. डोळा ठणकत होता आणि पाणी थांबत नव्हतं.

आणि रविवारी शहरातल्या सगळ्यात मोठ्या नाट्यगृहात प्रयोग होता. शाळाशाळांतली मुलं येणार होती, एकही खुर्ची उरली नव्हती. इतकी वर्षं झाड होऊन उभं राहिल्यावर ताईच्या वाट्याला आलेला तो रविवार होता.

"एवढा रविवार होऊ दे," ती आईला म्हणाली, "सोमवारी जाते डॉक्टरांकडे." आणि तिने लेन्स घालायला माझ्याकडे हात नेला.

हात रिकामाच परत गेला. कारण मी आईच्या पर्समध्ये होते.

"डबी माझ्याकडे आहे," आई चपला घालत म्हणाली. "तुला लेन्स हव्यात ना? मग चल माझ्यामागे."

आई पुढे, एक डोळा रुमालाने झाकलेली ताई मागे, अशी आमची वरात दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी यंत्रातून ताईचा डोळा बराच वेळ पाहिला. मग मला उघडलं, हातमोजा घातलेलं बोट माझ्या वाटीतून फिरवलं आणि विचारलं, "हिचं वय काय?"

"तेवीस," आई म्हणाली.

"मुलीचं नाही, डबीचं."

आईने बोटांवर महिने मोजायला घेतले. डॉक्टर रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "बुबुळावर जंतूंनी नुकता पाय ठेवलाय. आणखी दोन दिवस लेन्स घातली असती तर जखम खोल गेली असती आणि डाग राहिला असता. मग चष्म्यातूनही नीट दिसलं नसतं. आज आलात ते फार बरं केलंत. थेंब वेळच्या वेळी घाल. डोळा चोळायचा नाही. या लेन्स आणि ही डबी बाद. मी सांगेपर्यंत लेन्सचं नाव काढायचं नाही."

"पण रविवारी माझं नाटक आहे," ताई म्हणाली.

"रविवार दर आठवड्याला येतो, बाळा. डोळे दोनच मिळतात."

घरी येऊन ताई खूप रडली. मग तिने दिग्दर्शिका बाईंना फोन लावला. "ससा दुसऱ्या कुणाला द्या. मी होते झाड."

"झाडाचं काम केव्हाच दुसऱ्याला दिलंय," बाई म्हणाल्या. "सशाची उडी तुझ्याशिवाय कुणाला जमत नाही. डॉक्टर हो म्हणाल्या, तर कसं करायचं ते तुझ्या मामाला विचार."

मामा आला. आईने त्याला सगळं सांगितलं, त्याचं "असू दे" धरून. तो खजील झाला. मग त्याने मुखवटा मांडीवर घेतला, खण उघडला आणि चष्मेआजोबांना बाहेर काढलं. त्यांच्यावरची धूळ पुसली, त्यांना सशाच्या लोकरी नाकावर ठेवलं आणि मान तिरकी करून पाहिलं.

"चष्मा मुखवट्याच्या आत जात नाही ना?" तो म्हणाला. "मग बाहेर बसू दे. ससा काय फक्त लेन्सच घालतो?"

त्याने मुखवट्याची भोकं मोठी केली, कडेचं कापड डोळ्यांपासून लांब घेतलं, आतून धुतलेलं मऊ अस्तर लावलं. चष्म्याच्या काड्या धरायला कानांपाशी पट्ट्या हव्या होत्या. त्यासाठी हुक आणि टिचबटणं काढली, पण ती सारखी घरंगळू लागली. ठेवायला काही मिळतं का म्हणून मामाने इकडेतिकडे पाहिलं. मी कचऱ्याच्या डब्याच्या काठावर शेवटचे श्वास मोजत होते.

"असू दे, कामाला येईल," मामा म्हणाला.

"दादा," आईने डोळे वटारले, "त्यात आता लेन्स जाणार नाही."

"लेन्स नाही गं. हुक."

मला कढत पाण्याने आणि साबणाने घासून घासून धुतलं. जन्मात पहिल्यांदा मला पाण्याची आंघोळ रीतसर मिळाली! डाव्या वाटीत हुक बसले, उजव्या वाटीत टिचबटणं. मी मामाच्या शिवणाच्या पेटीत राहायला गेले.

शनिवारी डॉक्टरांनी डोळा पुन्हा तपासला. ठणका गेला होता, लाली ओसरत होती. त्यांनी मुखवटाही हातात घेऊन आतून पाहिला आणि म्हणाल्या, "जा, मार उड्या. पण चष्म्यातूनच."

रविवारी मामाची पेटी रंगमंचाच्या कडेला उघडी होती, म्हणून मला सगळं दिसलं. पडदा वर गेला. ससा आला. लांब कान, पुढे आलेले दात आणि नाकावर जाड भिंगांचा चष्मा. मुलं टक लावून बघू लागली. माझ्यातली टिचबटणं थरथरली.

पहिल्या रांगेतून एका लहान मुलीचा आवाज आला. "सशाला पण चष्मा लागतो?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. ताई थांबली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाकून त्या मुलीला म्हणाली, "लागतो तर. नाहीतर गाजर समजून कोल्ह्याचं शेपूट नाही का खाणार मी?"

अख्खं नाट्यगृह हसलं. कोल्ह्याने घाईने आपलं शेपूट मागे लपवलं, तेही नाटकात नव्हतं. मग पहिल्या रांगेत काहीतरी चमकलं. त्या मुलीने पिशवीतून आपला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला होता. तिची आई नंतर रंगपटात येऊन सांगत होती, की गेले कित्येक महिने तो पिशवीच्या तळाशीच असायचा. तिथे मुलीने ससा जवळून न्याहाळला आणि ती म्हणाली, "तुझे दात शिवलेले आहेत. मला टाके दिसतायत." मामाला इतकी शाबासकी आजवर कुणी दिली नव्हती. चष्मेआजोबा तर त्या दिवशी असे काही चमकत होते, की मला त्यांच्याकडे पाहून भरून आलं.

ताईचा डोळा पूर्ण बरा झाला. पुढे डॉक्टरांच्या परवानगीने नव्या लेन्सही आल्या, नवी डबीही आली. आता प्रयोगाला ससा चष्माच लावतो, मुलं दुसरा ससा चालवून घेत नाहीत. लेन्स असतात त्या नाटकाबाहेरच्या दिवसांसाठी. स्वयंपाकघरातून "हात?" हा शब्द अजूनही येतो, आणि उत्तर आधीच तयार असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला टाकू नका. मी उलटं सांगते. आम्हाला रोज कोरडं ठेवा, पाण्यापासून लांब ठेवा, आणि वेळ झाली की बिनदिक्कत टाका. डोळा लाल झाला, दुखला, तर लेन्स काढा आणि डॉक्टरांकडे जा. डबीला डबी मिळते, डोळ्याला डोळा मिळत नाही.

आमच्या घरी मात्र टाकणार कोण? दर तीन महिन्यांनी शिवणाच्या पेटीचं झाकण उघडतं आणि न्हाऊन कोरडी झालेली एक बहीण आत येते. मामा कुरकुरतो, "बटणं संपली, डब्या संपेनात." ती बिचारी पहिल्यांदा जरा बावरलेली असते. आम्ही सगळ्या सरकून तिला जागा देतो आणि एकच प्रश्न विचारतो, "ताईचे डोळे कसे आहेत?"

"छान आहेत," ती सांगते. मग आम्ही तिच्यात हुक भरू देतो.