सप्ताहातली कबुली

बाबांनी छत्तीस वर्षं पोरांना भूमिती शिकवली. जे सिद्ध करायचं तेच आधी खरं धरून जो चालायचा, त्याच्या वहीत ते लाल शाईनं 'साध्य गृहीत' लिहायचे आणि सरळ शून्य द्यायचे. नववीत मलाही दिलं होतं, सख्ख्या मुलीला. म्हणूनच पोथीवरून त्यांच्याशी वाद घालायला मी कचरले नाही.

पोथी आमच्या घरचीच. होळकरांच्या दफ्तरात कारकून असलेल्या खापरपणजोबांनी हातानं लिहिलेली. सात दिवस वाचली की दुखणं जातं. तोवर दुखणाइतानं उंबरठा ओलांडायचा नाही. आणि घरात कुणाच्या मनात शंका असेल तर फळ नाही.

यंदा आई पिवळी पडली आणि थंडी वाजून ताप यायला लागला. स्नेहलतागंजातल्या डॉक्टरांनी सांगितलं, पित्ताच्या नळीत खडा अडकलाय, इन्फेक्शन पसरतंय, आजच भरती करा. बाबांनी रिपोर्ट पिशवीत घातले, तिला राजेंद्र नगरला घरी आणलं आणि दिवा लावून पोथी काढली.

"बाबा, पोथी खरी कशावरून?"

"देवाचे शब्द आहेत, म्हणून."

"देवाचे कशावरून?"

"पोथीत तो लिहिलंय ना! पहिल्याच पानावर."

"असंच मी लिहिलं होतं तेव्हा तुम्ही शून्य दिलं होतं."

"ती भूमिती होती, बेटा. आता बहस नको करू, अध्याय राहिलाय."

आईला उचलून न्यायची माझी तयारी होती, पण तीच ऐकेना. "हे म्हणतील तर जाते गं नीरजा. जबरदस्ती नको करू." चाळीस वर्षं तिनं हेच केलं होतं. मला तिचाही संताप आला.

तिसऱ्या दिवशी ती बरळायला लागली. बाबा घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण घाबरून त्यांनी केलं काय, तर खाटेशी जाऊन तिलाच विचारायला लागले, "शारदा, सच सांग, तुझ्या मनात शंका आहे का?" तिला डोळे उघडवत नव्हते आणि हे तिची उलटतपासणी घेत होते.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, यांना यांच्याच गणितानं धरावं.

"शंका माझ्या मनात आहे, बाबा. पहिल्या दिवसापासून. पोथी खरीच आहे, म्हणून तर फळ मिळालं नाही. सप्ताह तसाही वाया गेला. आता हॉस्पिटलला चला."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ, पोथी म्हणते तस्संच निघालं!"

जमलं, असं मला वाटलं. मी गॅलरीत जाऊन अँब्युलन्सला फोन केला. आत वळते तर बाबांनी माझी पर्स आणि चपला दाराबाहेर ठेवलेल्या.

"तू मावशीकडे जा. शंका बाहेर गेली की मी पहिल्यापासून सुरू करतो."

त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि कडी लावली. अँब्युलन्स आली, तेव्हा खिडकीतूनच ड्रायव्हरला म्हणाले, "मरीज राजी नहीं है, भिया." ती परत गेली. मी दार बडवत राहिले. शेजारचे मोहनकाका बाहेर आले, "घर का मामला है" म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मी मामाला घेऊन आले, तेव्हा दार उघडं होतं. आई तासाभरापूर्वी गेली होती.

तेराव्याला मोहनकाकांनी चाचरत विचारलं, "सरजी, पोथी वाचूनही भाभीजी..."

"पोथीत एक अक्षर खोटं नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "शंका घरातच होती. नीरजानं खुद कबूल केलंय. विचारा तिला."

सगळे माझ्याकडे वळले. क्षणभर, देवाशपथ, मलाही वाटलं की आईला मीच मारलं.

"पोथी खरी आहे, हे मी खोटं बोलले होते!" मी ओरडले. "आईला वाचवायला बोलले. पोथी खोटी आहे, बाबा!"

बाबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. "ऐकलंत ना?"

मोहनकाका उठले, पाटावरच्या पोथीला नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता चपला घालून गेले.