माझं चामडं बघून ठरवा

मित्रांनो, पिशवी म्हटलं की तुम्हाला भाजी आठवत असेल. मी त्यातली नव्हे. मी ठोसे खाणारी पिशवी. वयाने जुनी, वजनाने पन्नास किलो. लोक मला पंचिंग बॅग म्हणतात. आणखीही काही म्हणतात, पण ते मारताना, म्हणून मी मनावर घेत नाही.

बाहेरून जाड चामडं, आत ठासून भरलेल्या चिंध्या, असा माझा देह. मला शिवणाऱ्या कारागिराने शेवटचा टाका घातला, एक गुद्दा हाणला आणि म्हणाला, "टिकेल." ती माझी पहिली स्तुती. पुढे जी मिळाली, तिचा मला संशय आहे.

कारण मला विकत घेतलं एका महागुरूंनी. त्यांच्या स्वसंरक्षणाच्या वर्गात एका भिंतीवर आरसे होते, दुसरीवर प्रशस्तिपत्रं. सगळ्या प्रशस्तिपत्रांवर सही त्यांचीच. मला दारासमोर टांगलं. सात वर्षांत कुणी मला मारलं नाही. रोज फडक्याने पुसत मात्र. येणारे म्हणत, "काय तकाकी आहे!" मी सुखावत असे, खोटं कशाला बोलू? पण मनात पाल चुकचुकायची. ठोसे खाणारीला तकाकी कशी?

तिथली एक रीत होती. महागुरूंनी हात उगारला की समोरच्या शिष्याने पडायचं. हात लागण्याआधीच पडेल तो हुशार. एकदा त्यांनी डास मारायला हात उचलला, तर पहिली रांग आडवी झाली.

एक दिवस मावशी आणि भाची अशा दोघी आल्या. भाची नर्स. घरोघर जाऊन जखमांच्या पट्ट्या बदलायची. आठवड्यापूर्वी एका इमारतीच्या जिन्यात कुणीतरी तिचं मनगट धरलं होतं. तिला ते सोडवता आलं नाही. वरून माणसं उतरली म्हणून सुटली. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी पेशंट वाट बघत होती, पण त्या जिन्यात पाऊल टाकायची भाचीची हिंमत होत नव्हती. मावशी बसमधली निवृत्त तिकीट तपासनीस. संशय हा तिचा तीस वर्षांचा पेशा. निवृत्तीनंतर छंद झाला होता.

"आमच्या विद्येत हल्लेखोर स्पर्शाविना कोसळतो," महागुरू म्हणाले.

"वा! मग आमची पोर तुमचं मनगट धरते. सोडवा बघू."

भाचीने धरलं. महागुरूंनी झटका दिला. सुटेना. दुसरा दिला. सुटेना.

"असं नाही धरायचं, ताई. उजव्या हाताने, हलकं धरायचं."

"जिन्यातल्या माणसाला आधी कळवायला हवं होतं," मावशी म्हणाली. मग तिने माझ्यावरून बोट फिरवलं. "आणि हिला एक ओरखडा नाही? हिला मारायला घाबरता, आणि पोरीला शिकवणार?"

दोघी गेल्या. महागुरूंचा राग माझ्यावर निघाला. दुसऱ्या दिवशी मी भंगारात होते.

तिथून मला एका बाईंनी उचललं. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्या कुस्ती आणि बॉक्सिंग शिकवत. एकही प्रशस्तिपत्र नाही. एक जाड गादी, एक औषधांची पेटी. पहिल्याच संध्याकाळी माझ्या चार शिवणी ठणकल्या. जन्माला आल्यासारखं वाटलं.

तीन वर्ग पालथे घालून मावशी-भाची तिथेही आल्या. मावशीने मला ओळखलं. "अगं, ही तीच! आता कशी माणसात आली."

बाई म्हणाल्या, "आधी ओरडायचं, पळायचं. तेवढ्याने भागलं नाही, तर हे. आणि हे आठ दिवसांत अंगात मुरत नाही."

"इतकं खरं बोलते," मावशी कुजबुजली, "काहीतरी काळंबेरं असणार." आणि दाराजवळ स्टूल टाकून बसली, ती रोजच.

बाईंनी तिथे शिकायला येणाऱ्या एका दांडग्या पोस्टमनला सांगितलं, "मनगट धर. सोडू नकोस. तिने तुझ्या हातावर थोपटलं तर मात्र तत्काळ सोड." पहिल्या दिवशी मनगट सुटलं नाही. दुखल्यावर भाचीने थोपटलं, त्याने लगेच सोडलं. मावशीने ते टिपून ठेवलं. दुसरा आठवडाही तसाच. "ओढू नकोस," बाई सांगत. "त्याचा अंगठा शोध, तिकडे फिरव." तिसऱ्या आठवड्यात हात सुटला, आणि भाची थेट दारापर्यंत पळाली.

"पोस्टमननी भिडेखातर सोडलं," मावशी उठली. "मी धरते. या पकडीतून एकही फुकट्या सुटलेला नाही."

तिने दात-ओठ खाऊन धरलं. भाचीने अंगठा शोधला, मनगट फिरवलं, आणि दार गाठलं.

मावशी आपल्या रिकाम्या मुठीकडे बघत राहिली. डोळे पुसत म्हणाली, "तीस वर्षांत पहिली विनातिकीट गेली. उद्या जा त्या म्हातारीकडे. मी खाली उभी राहते."

दुसऱ्या दिवशी भाची जिना चढली, पट्टी बदलून आली. जिन्यात कुणीच नव्हतं म्हणे. मावशीला त्याचाही संशय आला.

मित्रांनो, आता माझं चामडं ठिकठिकाणी फाटलंय. तुम्ही शिकायची जागा शोधायला निघालात, तर भिंतीकडे बघू नका, माझ्यासारखीकडे बघा. तकाकी दिसली तर मागे फिरा. भेगा दिसल्या तर आत या. पण आधी थोपटून बघा, समोरचा सोडतो का ते. आणि माझी शिवण उसवलेली दिसली तर दोन टाके घाला.

बाकी, मी म्हणते म्हणून काही खरं मानू नका. या, आणि एक ठोसा मारून बघा.