दातांच्या खुर्चीत बसलेली पेटी

मी पेटी बोलतेय. जे घडलं तेच सांगणार आहे. आता बोलताना भात्यात हवा जरा जास्त भरली जाते, त्याला माझा इलाज नाही.

मला घडवणाऱ्या कारागिराला लाकडाचा भुसा सोसायचा नाही. शेवटचा खिळा ठोकताना त्याला जी शिंक आली ती माझ्या भात्यात अडकली, आणि पुढची चार वर्षं मला कोणी उघडलं की समोरचा माणूस दचकून मागे बघायचा. नाही पटत? राहू दे. पण एकोणचाळीस पट्ट्या आहेत हे तरी माना, मोजून घ्या हवं तर. प्रत्येकीखाली पितळेची एक पातळ जीभ. एका जिभेला एकच सूर, तोही जन्मभराचा. तारेच्या वाद्यांचे कान पिळले की ती नरमतात. मला पिळायला कान नाहीत. त्यामुळे सगळ्यांनी माझ्याशी जुळवून घ्यायचं, अशी रीत. या रीतीचा मला माज होता, हे आता कबूल करते.

माझा पहिला मालक शिंपी. पायाने मशीन चालवायचा आणि दोन्ही हातांनी मला वाजवायचा. कापड कोण सरकवायचं ते विचारू नका. त्या काळात त्याने शिवलेल्या विजारी तालात चालत. तो गेला आणि मी नऊ वर्षं कापडाच्या ताग्यांखाली पडून राहिले. एका उंदरीने माझ्या पोटात दोन बाळंतपणं उरकली. मग एक दिवस त्याच्या मुलीने ताग्यांचा ढीग उपसला, माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि पहिली पट्टी दाबून तिथेच खाली बसली. बराच वेळ उठली नाही.

तीही शिंपीणच. तिच्यामुळे मी एका वादकांच्या मंडळात आले. मंडळ कसलं, भेळमिसळ. बसड्रायव्हरच्या गुडघ्यांमधे जेंबे नावाचा पेल्यासारखा ढोल. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा माणसाएवढा चेलो, गजाने वाजवायचा. आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या घड्याळजीचा ऊद, म्हणजे पोट सुटलेलं आणि मान मागे मोडलेलं तारांचं वाद्य. चार मुलखांची चार वाद्यं, दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायची आणि सुरुवातीला बाकीची तीन माझ्याकडे सूर मागायची. मी द्यायचे, उपकार केल्यासारखा.

कार्यक्रम ठरला. वाचनालयाचं मोठं दालन, संध्याकाळी सहाची वेळ. घड्याळजीने आपल्या आईचं एक गाणं बसवायला आणलं. ते येणारी माणसं जगात दोनच उरली होती, तो आणि त्याची थोरली बहीण, आक्का. गाणार ती होती. तालमीला आली, काठी भिंतीला लावली, डोळे मिटले, पहिली ओळ गायली. दुसऱ्या ओळीत गाणं एका सुरावर जाऊन टेकतं. तो सूर माझ्या सतराव्या आणि अठराव्या पट्टीच्या बरोबर मधे राहतो. शिंपीणबाईंनी अठरावी दाबली. मी ठणठणीत आवाजात माझा सूर सांगितला.

आक्का गायची थांबली. "हे आमचं गाणं नाही," ती म्हणाली. "आमच्या गाण्याला कोणीतरी इस्त्री मारलीय."

इस्त्रीचा टोमणा शिंपिणीला लागला. तिथे पट्टी सोडून देते, हवं तर गप्प बसते, असं ती म्हणाली. आक्काला तेही चालेना. आईच्या गाण्यात त्या सुराला सगळ्यांनी मिळून साथ द्यायची असते, तिथे कोणी तोंड मिटून बसलं तर ते मयताला आल्यासारखं दिसतं, असं तिचं म्हणणं. मग डॉक्टरीणबाई हळूच बोलल्या की जिभेला मुळाशी घासलं तर सूर उतरतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. शिंपीणबाईंनी मला झाकण घातलं. बाबांच्या पेटीला कानस लागणार नाही, एवढं बोलून विषय संपवला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी घड्याळजी शिंपीणबाईंच्या दुकानात आला. कोटाचं बटण लावायचं निमित्त. जाता जाता म्हणाला की गाणं यादीतून काढलंय, आक्का येणार नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आवाज अगदी सरळ होता. तो गेल्यावर शिंपीणबाईंनी सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा चुकला. चौथ्यांदा तिने सुई उशीत खुपसली, मला चादरीत गुंडाळलं आणि उचललं.

दुपारी दोन वाजता मी दातांच्या खुर्चीत बसले होते. हो, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या त्याच. बाकीच्यांना शिंपीणबाईंनीच बोलावून घेतलं होतं. डोक्यावर दिवा, शेजारी चकाकणाऱ्या हत्यारांचा ट्रे. पट्ट्यांकडून शिंपीणबाई, समोरून डॉक्टरीणबाई. भिंग लावून घड्याळजी, त्याच्यामागे काठीवर हनुवटी टेकून आक्का. बसड्रायव्हर दाराशी उभा होता, पेशंटला भूल द्या म्हणत होता. कोणी हसलं नाही. माझ्या जिभा जुन्या, वाजून वाजून झिजलेल्या. एक घासा जास्त झाला की जीभ तुटणार, आणि तसली जीभ बनवणारे हात आता शोधून मिळत नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं.

"डावीकडून अठरावी," शिंपीणबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी जिभा मोजल्या, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सगळ्या धरून, आणि कानस टेकवली.

चुकीच्या जिभेवर.

मला पहिल्या घाशालाच कळलं. ओरडणार कशी? मला वाजवल्याशिवाय बोलता येत नाही, आणि शिंपीणबाई वाजवत होती अठरावी, जिला कोणी हातही लावला नव्हता. आक्का ऐकायची, मान हलवायची, अजून वर आहे म्हणायची. पुन्हा कानस. पुन्हा अठरावी. पुन्हा आक्काची मान. पाच वेळा. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर घाम. घासताय की गोंजारताय, असं आक्काने विचारलं तेव्हा त्यांनी कानस जोरात ओढली, आणि ती पातळ जीभ अशी काही कण्हली की माझे सगळे खिळे ढिले झाले.

शेवटी घड्याळजीने भिंग जवळ नेलं. पितळेची पूड कुठे सांडलीय ते त्याला दिसलं. त्याने तिकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी पंचवीस वर्षं माणसांची तोंडं बघितलीत. डावं म्हटलं की पेशंटचं डावं, ही त्यांच्या हाताची सवय. माझं तोंड शिंपिणीकडे, म्हणजे माझं डावं ते तिचं उजवं. तिच्याकडून मोजली तर घासलेली जीभ बाविसावी होती. डॉक्टरीणबाईंनी कानस ट्रेमधे ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर. "ताई, मी तुमच्या बाबांची..."

भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले होते. घड्याळजी आक्काला म्हणाला, चल, घरी जाऊ. बसड्रायव्हर जमिनीकडे बघत राहिला.

शिंपीणबाईंनी बाविसावी दाबली. ती ना बाविसावी राहिली होती ना एकविसावी. दोन पट्ट्यांच्या मधल्या अंधारात अडकल्यासारखी वाजली. बाईंनी भाता हलवत ठेवला. ती वाजतच राहिली.

"माझ्या हातून कापड चुकीचं कापलं गेलं तर मी काय करते माहितीय?" ती म्हणाली. "रडत नाही. बेत बदलते. आक्का, गाणं चार पट्ट्या वरून सुरू केलंत तर तुमचा सूर कुठे येतो बघा."

घड्याळजीने ऊद उचलला. त्या वाद्याला पडदेच नाहीत, बोट वर सरकवलं की काम झालं. ऊदावरच पहिली ओळ झाली, दुसरी आली, आणि ती जिथे टेकायची तिथे बाविसावी पट्टी आणि ऊदाची तार एकमेकींना अशा चिकटल्या की वेगळ्या सांगता येईनात. आक्काचा हात काठीवरून सुटला. काठी खाली पडली.

"हाच," ती म्हणाली. मग काठी उचलत, "पण इतक्या वरून मी तिसाव्या वर्षी गायचे. आता मला सदुसष्ट वर्षं झालीत."

तिने घशाला त्रास नको म्हणून तिथे गाऊन बघितलंच नाही. जे व्हायचं ते वाचनालयात, लोकांसमोर.

सहाला दालन भरलं. वाचनालयाची माणसं, खोकतानाही परवानगी घेणारी. आमचं आधीचं वाजवून झालं आणि आक्का उभी राहिली. पहिली ओळ चार पट्ट्या वरून निघाली. आवाज कडेकडेने विरलेला, पण खणखणीत. दुसरी ओळ गेली, त्या सुरावर बसली. शिंपिणीचं बोट माझ्यावर इतकं हलकं होतं की मला वाटलं ती घाबरलीय. मी स्वतः घाबरले होते. घासून घासून कागदासारखी झालेली ती जीभ प्रत्येक वेळी थरथरताना मला वाटायचं, आता गेली.

गाण्याचा शेवट त्याच सुरावर आहे, आणि तिथे लांब थांबायचं असतं. आक्का चढली. सुराच्या अगदी उंबऱ्यापर्यंत आली आणि तिचा आवाज फुटला. तोंड उघडं, आणि आतून नुसती हवा. घड्याळजीने ऊदावरून मान वर केली. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. डॉक्टरीणबाईंचा गज हवेतच राहिला.

शिंपीणबाईंनी भात्याला असा रेटा दिला की माझे सांधे करकरले. तिने बाविसावी दाबली आणि दाबूनच धरली. आयुष्यभर मी दुसऱ्यांना सूर दिला तो ऐटीत. त्या दिवशी मी तुटायच्या भीतीने, जीव मुठीत धरून, एका बाईच्या वतीने गायले. लांब. आक्का ओठ हलवत राहिली. मागे बसलेल्यांना वाटलं, तीच गातेय. त्यांना अजूनही तसंच वाटतं, आणि ते सांगायला मी जात नाही.

टाळ्या थांबल्यावर आक्का माझ्याजवळ आली. माझ्या झाकणावर तळवा ठेवला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात. भावाला म्हणाली, "धाकट्या, ही किंचित खाली आहे रे, आई लावायची तशी." आणि मग तिला रडू आलं.

आता मी दुकानात असते, कापणीच्या टेबलाच्या टोकाला. शिंपीणबाई बाबांची गाणी वाजवते तेव्हा बाविसावी टाळून बोट पुढे नेते. कधी चुकून पडतं, मग दोघी जरा थांबतो. मधे एक जाणकार कपडे शिवायला आला होता. एवढी चांगली पेटी आणि एक सूर बिघडलेला, मी तासाभरात सरळ करून देतो, पैसे नकोत, असं म्हणाला. शिंपीणबाईंनी त्याची मापं घेतली आणि त्याला वाटेला लावलं.

पण शिंपीणबाई मला कायम पुरणार नाही. उद्या मी तुमच्या हाती आले, तर माझा भाता बदला, पट्ट्या बदला, झाकणाला नवं पॉलिश करा. त्या एका जिभेला मात्र हात लावू नका. तो सूर आता तीनच ठिकाणी राहतो: आक्काच्या गळ्यात, तिच्या भावाच्या बोटात आणि माझ्या बाविसाव्या पट्टीखाली. आणि त्या दोघांचं वय झालंय.