खाल्लेलं अंगी लागलं नाही

साहेब, तुम्ही माझ्या पोरीला भरल्या ताटावर उपाशी मारलंत.

हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा पुन्हा तेच लिहिलं. तुमच्या चौकशी समितीच्या कागदावर आहे, ‘रुग्णालयाकडून कोणतीही हयगय झालेली नाही.’ त्याखाली आहे, ‘पालकांनी घरी मोठ्या प्रमाणावर गोड पदार्थ दिल्याने रुग्णाची प्रकृती खालावली.’ आणि त्याखाली माझ्या सहीसाठी रेघ आखून ठेवलीय. सही मागताय, तर आधी ऐकून घ्या. माझी शाळा सातवीत सुटली. पण मी जे लिहितो ते बघून लिहितो. न बघता लिहायची कला तुमची.

मी तुमच्याच रुग्णालयाच्या मागच्या अंगाला बॉयलरवर आहे, एकोणीस वर्षं. तुमच्या चादरी, ऑपरेशनची हत्यारं, सगळं माझ्या वाफेवर निघतं. पोरगी तेराची होती. घरात तिला भिंगरी म्हणायचो, कारण ती चालताना कुणी पाहिलीच नव्हती. नुसती पळायची.

एके संध्याकाळी तिनं आम्हा दोघांना समोर बसवलं आणि पावाचा एकेक तुकडा हातात दिला. शाळेचा प्रयोग. तुकडा तोंडात घोळवायचा, मनात शंभर मोजायचे, गिळायचं नाही. साठावर तिच्या आईनं गिळला.

“आई नापास!”

“अगं, दिवसभर उभी होते मी. पोट ऐकतंय होय तुझ्या शाळेचं?”

मी शंभर पुरे केले. पाव गोड लागायला लागला होता.

“लागला ना गोड? लाळेनं त्याची साखर केली, बाबा. पुढं पोटात, आतड्यात राहिलेल्याची होते. ती साखर रक्तात उतरते आणि रक्त ती घरोघर पोचवतं. अंगात इतक्या बारीक बारीक भट्ट्या आहेत, मोजता येणार नाहीत. तिथं साखर आणि हवा भेटली की ताकद तयार. आत्ता तुम्ही भुवई उडवलीत ना, ती तिच्यावरच.”

“धूर कुठून जातो?”

“धूर नाहीच. नाकातून हवा जाते आणि थोडं पाणी उरतं.”

“राख?”

“राख पण नाही.”

“धूर नाही, राख नाही. मग असल्या बॉयलरवर माणूस कशाला लागतो?”

“म्हणून तर तुम्हाला आत घेत नाहीत!”

तिची आई हसता हसता ठसकली. मी पाठीवर थोपटत होतो आणि भिंगरी म्हणत होती, “बघा, नापास मुलं अशीच दंगा करतात.”

दोनेक महिन्यांत ती पळायची थांबली. जिना चढताना मध्येच बसायला लागली. शाळेचा स्कर्ट कमरेला राहीना, आईनं आधी एक टाचणी लावली, मग दोन. आणि खायची किती! पाव, भात, अंडी, केळी, पुढ्यात येईल ते. पाणी तर असं प्यायची की पिंपाला तळ दिसायचा, आणि तासाला उठून जायची. बाईंनी वहीत लिहून पाठवलं की मुलगी वर्गातून सारखी बाहेर जाते, समज द्यावी.

तिची आई म्हणाली, “अहो, एवढं खाते ते जातं कुठं? हिच्या अंगी का लागत नाही?”

साहेब, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायचा होता. माझ्या बायकोनं विचारला, जी चौथी शिकलीय.

आम्ही तिला कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यात आणलं, पहिल्या मजल्यावर, तुमच्या डॉक्टरांकडं. चष्मा कपाळावर, चहा समोर.

“पाणी फार पिते, डॉक्टर,” बायको म्हणाली.

“उकाडा आहे.”

“वाळत चाललीय.”

“हल्लीच्या मुली बारीक व्हायला बघतात, बाई. विचारा तिला, ताटातलं कुठं टाकते ते.”

भिंगरी म्हणाली, “मी सकाळी चार पाव खाल्ले.”

“मग उद्यापासून पाच खा,” ते म्हणाले आणि स्वतःच हसले. आम्हीही हसलो. माझ्याच रुग्णालयातले मोठे डॉक्टर हसतायत म्हटल्यावर मी पण दात काढले. ते हसू आता माझ्या तोंडात खड्यासारखं येतं.

त्यांच्या कोपरापाशी रक्तातली साखर बघायचं यंत्र होतं. हाताच्या पंजाएवढं. सोबत पट्ट्यांची डबी. कप ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी ते यंत्र बाजूला सरकवलं. मी बघितलं. मला काय ठाऊक ते कशाचं! मला वाटलं, असेल घड्याळबिड्याळ.

चिठ्ठीवर लिहिलं: अशक्तपणा. भरपूर आहार. ग्लुकोज पावडर पाण्यातून, दिवसातून तीन वेळा.

नऊ दिवसांनी पुन्हा नेलं. तिनं खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं होतं. डॉक्टर चिठ्ठीवरून नजर न उचलता म्हणाले, “चालू ठेवा.”

आम्ही चालू ठेवलं.

आता माझी चूक सांगतो. तुमच्या समितीला ती नीट मांडता आली नाही, म्हणून मीच मांडतो.

आमच्या बॉयलरला वर कोळशाचं मोठं नरसाळं असतं, आम्ही त्याला हॉपर म्हणतो. त्यातून कोळसा आपसूक खाली भट्टीत उतरतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा वाफेचा काटा उतरायला लागला. मी फावडं घेतलं आणि हॉपर भरला. काटा आणखी उतरला. आणखी भरला. घामानं निथळत होतो. जुने फोरमन आले, माझ्या मानगुटीला धरून भट्टीच्या काचेच्या भोकाला माझा डोळा लावला. आत काळोख. हॉपरचं तोंड चोंदलं होतं, दाणासुद्धा खाली पडत नव्हता.

“गाढवा,” ते म्हणाले, “वर ढीग आणि खाली उपास! काटा पडला की आधी डोळा, मग फावडं.”

एकोणीस वर्षं मी तसंच केलं. आधी डोळा, मग फावडं. नव्या माणसाला पहिलं तेच शिकवलं. आणि घरी माझ्या पोरीचा काटा उतरत होता तर मी फावडं मारत बसलो. पाणी, पावडर, चमचा. पाणी, पावडर, चमचा. ती म्हणायची, “बाबा, नको आता.” मी म्हणायचो, “डॉक्टरांनी सांगितलंय, शहाणी ना तू?” ती शहाणी होती. पिऊन टाकायची.

तिच्या रक्तात साखरेचा ढीग पडला होता आणि भट्ट्यांची दारं बंद. ती दारं उघडणारा रस, इन्सुलिन, अंगात तयार व्हायचाच थांबला होता. भट्टीला मिळेना म्हणून शरीरानं घरातलाच लाकूडफाटा काढून जाळायला घेतलं, आधी चरबी, मग मांस. त्या जळण्याचं विष रक्तात भिनलं. हे सगळं मला नंतर कळलं. अर्धं तिच्याच शाळेच्या पुस्तकातून, अर्धं अपघात विभागातल्या एका सिस्टरकडून. त्या रडत रडत सांगत होत्या. त्या एकट्याच रडल्या तुमच्याकडं.

शेवटच्या सकाळी तिच्या तोंडाला पिकून गेलेल्या फळाचा वास येत होता. मला वाटलं, केळी खाल्लीत त्याचा असेल. श्वास भात्यासारखा, खोल खोल. हाक मारली तर डोळे उघडून बघायची, पण ओळखून बघत नव्हती. उचलली तर हातात काही नाहीच. सहा वर्षांची असताना यापेक्षा जड होती.

अपघात विभागात त्या सिस्टरनी पहिलं काम काय केलं माहितेय? बोटाला सुई टोचली. एक थेंब. तेच यंत्र. पाच सेकंदं. त्यावर आकडाच आला नाही, कारण यंत्राला मोजता येईल त्याच्या वर साखर गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मेंदूला सूज आली म्हणाले.

मी पाचव्या दिवशी कामावर आलो. खाली धुलाईत चादरींचे ढीग पडले होते. त्यातली एक तिच्या खाटेवरची असणार. कुठली, ते कळायला मार्ग नव्हता. मी वाफ दिली.

मग तुमच्या समितीनं बोलावलं. तिघं होते. मधल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, “घाबरू नका, मोकळेपणानं सांगा. घरी तिला काय काय देत होतात?” मी सगळं सांगितलं. केळी किती, दूध किती, साखर किती. चिठ्ठीतली पावडरही सांगितली. त्यांनी केळी लिहिली, दूध लिहिलं, साखर लिहिली. पावडर लिहिली नाही. चिठ्ठी दाखवली, तर “मूळ प्रत जमा करा” म्हणाल्या. दिली नाही. ती भिंगरीच्या विज्ञानाच्या वहीत आहे, आणि वही माझ्या उशाशी.

माझा बॉयलरवरचा जोडीदार म्हणतो, “कर की सही, बाबा. पोर तर परत येत नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” त्याचं खरं असेल. मी सहीही केली असती. पण तुमचा कागद घरी पोचला तेव्हा मी पाळीवर होतो. तो तिच्या आईनं वाचला. एकेक अक्षर लावत वाचला. ‘पालकांनी.’

त्या दिवसापासून तिनं घास घेतलेला नाही. आज चौथा दिवस. पाणी पिते. मी ताट समोर ठेवतो, ती पावाचा तुकडा मोडते, हातात धरते आणि म्हणते, “मीच घातला ना तिला?” मी म्हणतो, अगं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती म्हणते, “मग कागदावर तसं का नाही?”

माझा शब्द तिला पुरत नाही. तिला छापील कागदानं मारलंय, तिला कागदच पाहिजे.

म्हणून तुमची रेघ मी कोरीच पाठवतोय. तिच्याखाली माझी एक रेघ आखलीय, तुमच्या डॉक्टरांच्या सहीसाठी. माझ्या बॉयलरचा काटा उतरला तर तासाभरात तुमचा फोन येतो, की आत बघितलंस का? आता मी विचारतोय. माझी पोर दोनदा तुमच्या डॉक्टरांच्या टेबलासमोर बसली होती. यंत्र तिथंच होतं. एक थेंब लागत होता, पाच सेकंदं लागत होती.

का बघितलं नाहीत?

माफी नको, भरपाई नको, तोंडी समजूत तर मुळीच नको. पावडर कुणी सांगितली आणि आत का बघितलं नाही, ते एका ओळीत लिहा आणि खाली सही करा. हिच्यासमोर ताट ठेवायचंय, त्याआधी मला ते वाचून दाखवायचंय. पाव वाळतोय, साहेब. लिहा.